लाल टीटीचा रंग, नागपूरचं ऊन अन् दीड लाखाचा हिशोब

टपावर नख लावलं अन् पापुद्रा हातात आला. कांद्याचा वरचा पातळ पापुद्रा असतो नं, तसाच, आरपार दिसणारा, कडक, बोटात चुरडला की भुगा. एप्रिलचा दुसरा आठवडा होता, सकाळचे साडेसात, मी गाडी पुसून राहिलो होतो अन् मायक्रोफायबरचं कापड टपावर कुठेतरी अडकलं म्हणून वाकून पाहिलं, तर तळहाताएवढा पांढुरका डाग अन् त्याच्या कडेनं क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, उचललेला. मग बोनेट पाहिलं. तिथेही दोन जागी. मग डिकीची वरची कड. मी तिथंच गाडीच्या बाजूला खाली बसलो, खरं सांगतो.

गाडी म्हणजे २०११ ची ऑडी टीटी, २.० टीएफएसआय, दोन दारांची, मिसानो रेड. सेकंड हँड, मुंबईची, नंबर अजून एमएच ०२ च आहे. मागच्या वर्षीच्या दिवाळीत साडेबारा लाखांना घेतली. कॉलेजात असताना धरमपेठेत एकदा अशीच लाल टीटी उभी दिसली होती, तेव्हापासून डोक्यात होती ही गाडी, अन् एवढ्या वर्षांनी पैसे जमले तेव्हा मी इंजिन तपासलं, गिअरबॉक्स तपासला, सर्व्हिसचे सगळे कागद पाहिले, अन् रंगाकडे फक्त बघितलं. चमकत होता. झालं. विकणाऱ्याने देण्याच्या आधी मशीन पॉलिश मारून दिलं होतं, ते मला आता कळतं.

ह्या पोस्टमध्ये मी पुढच्या सात महिन्यांचा सगळा हिशोब लिहितोय, कारण मी जेव्हा शोधत होतो की जुन्या स्पोर्ट्स कारला रंग मारावा की विनाइल रॅप करावं, म्हणजे वरून रंगीत प्लास्टिकची फिल्म चिकटवावी, अन् नागपुरात खर्च किती येतो, तेव्हा मला मराठीत नीट काहीच सापडलं नाही. आकडे माझे आहेत, मला जे सांगितले ते.

आधी रंग गेला कशाने ते, कारण त्याच्यावरच पुढचे पैसे ठरतात. कंपनीतून आलेल्या गाडीवर रंगाची सगळी जाडी मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन असते, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग जो फक्त १५-२० मायक्रॉनचा, अन् सगळ्यात वर क्लिअर कोट, ४०-५० मायक्रॉन. चमक त्या क्लिअरची असते, अन् उन्हाचा मारही तोच खातो. उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेट किरणांना अडवणारं द्रव्य त्यात मिसळलेलं असतं, ते वर्षानुवर्षं संपत जातं, शिवाय दर वेळी जोरात मशीन पॉलिश केलं की काही मायक्रॉन क्लिअर घासून जातो. माझ्या गाडीवर चौदा वर्षांत किती वेळा पॉलिश झालं देव जाणे. मग ती आली नागपूरला. २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ डिग्री नोंदवलेलं गाव आहे हे, अन् आमच्या त्रिमूर्तीनगरच्या बिल्डिंगमध्ये माझं पार्किंग उघड्यावर. दुपारी दोन वाजता लाल बोनेटवर हात ठेवून दाखवा कोणी. दारं उभी असतात, त्यांच्यावर ऊन तिरपं पडतं, म्हणून दारं वाचतात. टप, बोनेट अन् डिकी आडवे, ते आधी जातात. कोणत्याही जुन्या गाडीचं पाहा, असंच दिसेल.

रॅपची कल्पना माझ्या मावसभावाची. तो म्हणे, "दादा, रंगाच्या भानगडीत काऊन पडतं? रॅप करून टाक नं, मॅट ऑलिव्ह ग्रीन, आर्मी लूक, चार दिवसात गाडी नवीन." त्याच्या डोक्यात ऑलिव्ह ग्रीनच बसलं होतं. हे इथेच सांगून टाकतो, ऑलिव्ह ग्रीन रंग आपल्याकडे संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे, सेंट्रल मोटर व्हेईकल रूल्स १९८९ चा नियम १२१. आता नियमात शब्द रंगवण्याचा आहे, विनाइल चिकटवण्याचा नाही, पण बाजूला कामठीला एवढी मोठी छावणी असताना तिथल्या रस्त्यावर ऑलिव्ह ग्रीन टीटी घेऊन फिरायचं अन् पोलिसाला पेंट अन् विनाइलमधला फरक समजावत बसायचं, मला नाही जमणार. दुसरं म्हणजे आरसीवर रंगाचा रकाना असतो. तिथे रेड लिहिलंय अन् गाडी ग्रे झाली तर आरटीओत नोंद करायला पाहिजे, इन्शुरन्सवाल्यालाही कळवायला पाहिजे, नाहीतर उद्या क्लेम आला की तो पहिले हेच काढेल. रॅप काय, काढता येतं म्हणून कोणी नोंद करत नाही, मला विचाराल तर मी केली असती.

पण कल्पना मला आवडली होती हे खरं. तर मी दोन ठिकाणी विचारलं.

पहिल्याने फोनवरच सांगितलं, ४८ हजार, फुल बॉडी, कास्ट फिल्म, पाच वर्षं गॅरंटी. मी लगेच हो म्हणणार होतो, पण रात्री कागद घेऊन बसलो. रॅपची फिल्म दीड मीटर रुंदीच्या रोलमध्ये येते, नेमकं सांगायचं तर १.५२ मीटर. टीटीसारख्या छोट्या गाडीलाही वाया जाणारं धरून १६ मीटर लांबी लागतेच. म्हणजे साधारण २४ चौरस मीटर, म्हणजे २६० चौरस फुटांच्या आसपास. चांगल्या कंपनीच्या, थ्रीएम किंवा एव्हरी डेनिसनच्या कास्ट फिल्मचा भाव मला चौरस फुटाला १९० रुपये सांगितला होता. करा गुणाकार. फिल्मच पन्नास हजारांची होते. मग दोन माणसं चार-पाच दिवस राबणार, एसी लावलेली खोली, अन् हा माणूस सगळं मिळून ४८ मध्ये देतो? दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन रोलच्या मागचा कागद बघायला मागितला. कोरा. ना नाव ना कंपनी. मी नाव लिहीत नाही दुकानाचं, पण तुम्ही जाल तिथे तो मागचा कागद बघाच. कंपनीच्या फिल्मवर मागे नाव छापलेलं असतं.

कास्ट अन् कॅलेंडर्ड हा फरक लक्षात ठेवा. कॅलेंडर्ड म्हणजे विनाइल गरम करून रुळांमधून दाबून, लाटून काढलेलं, पोळीसारखं. लाटताना ताणलेलं असतं म्हणून त्याला परत आकसायची सवय असते. उन्हात तापलं की कडेनं मागे सरकतं, बंपरच्या खोलगट जागेतून उचलतं. कास्ट फिल्म ओतून केलेली असते, पातळ घावनासारखी, तिच्यात ताण नसतो म्हणून ती वळणावर बसते अन् बसून राहते. दुकानाच्या बोर्डाला, सपाट दरवाज्याला कॅलेंडर्ड चालतं. टीटीला सपाट जागाच नाहीये कुठे, सगळी गोल.

दुसरा रॅपवाला वर्धा रोडचा, पंचविशीतला पोरगा. त्याने सांगितले १ लाख १० हजार, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख २९ हजार ८००. फिल्मचा डबा समोर ठेवला, रंगांची पत्ती दाखवली. अन् मग गाडीकडे आला, टपावर हात फिरवला, अन् खिशातून मास्किंग टेपचा रोल काढून एक वीतभर पट्टी त्या पांढऱ्या डागाच्या बाजूला, जिथे मला चांगला रंग वाटत होता तिथे लावली. अंगठ्याने दाबली. अन् खर्रकन ओढली.

टेपला क्लिअर कोट चिकटून आला, रुपयाच्या नाण्याएवढा.

"दादा, मी तुमचे पैसे घेऊन लावून देऊ शकतो," तो म्हणाला, "पण उन्हाळा आला की फिल्मच्या खालून हा क्लिअर सुटणार, वर फुगे येणार, अन् फिल्म काढायला जाल तेव्हा उरलेला रंगही घेऊन येणार. आधी हे तीन पॅनल रंगवा, महिनाभर थांबा, मग या."

महिनाभर का, तर नवीन रंगातून सॉल्व्हंट, म्हणजे रंग पातळ करायचं द्रव्य, वायू होऊन बाहेर पडत असतं. त्याच्यावर लगेच फिल्म लावली तर तो वायू अडकतो, फुगे येतात, अन् रंग पूर्ण पक्का नसेल तर पुढे फिल्म काढताना सोलून निघतो. ह्या पोराने हे सगळं मला उभ्या उभ्या सांगितलं अन् चहाही पाजला. स्वतःचं लाखाचं काम त्याने हातचं जाऊ दिलं. माझ्या मनात त्याच्याबद्दल फार आदर आहे.

घरी येऊन मी परत हिशोब मांडला. तीन पॅनल, बोनेट, टप, डिकी, रंगवायला १५ च्या हिशोबाने ४५ हजार. त्यावर रॅप १ लाख २९ हजार ८००. झाले १ लाख ७४ हजार ८००. चार वर्षांनी, नागपूरच्या उन्हात आडव्या भागांचं कदाचित त्याच्याही आधी, फिल्म काढायचे अजून १५-२० हजार. म्हणजे रॅप स्वस्त पडतं म्हणून मी तिकडे गेलो होतो, अन् ते रंगापेक्षा महाग पडून राहिलं होतं. रॅपला खालचा रंग धडधाकट लागतो. ज्याचा ओरिजिनल रंग शाबूत आहे, अन् तीन-चार वर्षं वेगळ्या रंगात गाडी फिरवायची हौस आहे, त्याने खुशाल रॅप करावं, चांगल्या फिल्ममध्ये करावं, ते सुंदर दिसतं अन् खालचा रंग जपलाही जातो. आजारी रंग झाकायला रॅप नाही. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते.

मग रंग.

इथे तीन भाव आले अन् तिघांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. शोरूमच्या वर्कशॉपमध्ये पॅनलप्रमाणे मोजतात, एका पॅनलला २० हजारांच्या आसपास, पूर्ण गाडी तीन लाखांच्या घरात. एका शेडमध्ये ५५ हजार सांगितले, आठ दिवसात गाडी घेऊन जा. अन् अमरावती रोडवर वाडीच्या अलीकडे एक वर्कशॉप आहे, स्वतःचा बूथ, म्हणजे रंग मारायची बंदिस्त खोली, आहे त्यांचा, त्यांनी सांगितले १ लाख ४५ हजार जीएसटी धरून, तोच लाल रंग मारायचा तर. मी सहज विचारलं की ग्रे करायची असेल तर? म्हणे २ लाख ३० हजार.

एवढा फरक का, हे मी त्यांनाच विचारलं. रंग बदलायचा म्हणजे दार उघडल्यावर आत जे दिसतं ते सगळं आलं, दारांच्या कडा, डिकीची गटारं, बोनेटच्या आतली बाजू, इंजिनच्या आजूबाजूचा पत्रा. सगळं खोला, घासा, रंगवा, परत बसवा. नाहीतर दार उघडलं की आतून लाल डोकावणार, अन् मग ती गाडी रंग बदललेली म्हणून कायमची ओळखली जाते, विकताना समोरचा पहिला प्रश्न हाच विचारतो की ॲक्सिडेंट कुठे झाला होता. तोच रंग ठेवला तर आतला कंपनीचा रंग तसाच राहतो. माझं मन तिथेच पक्कं झालं, लालच. तसंही मी लाल टीटीच्या प्रेमात पडलो होतो, ग्रे टीटीच्या नाही.

५५ हजारवाल्याकडे मी जाऊन आलो, चांगला माणूस आहे, कष्टाळू, पण तो उघड्या शेडमध्ये गन मारतो. बाजूला ट्रकचं काम चालू, धूळ उडून राहिली. काचेचं रबर तो काढत नाही, टेप लावून भागवतो. टेपच्या कडेला रंगाची एक बारीक पायरी राहते अन् दोन उन्हाळ्यांनी तिथूनच रंग उचलायला सुरुवात होते. स्वस्त कामात रंग कमी मारतात असं लोकांना वाटतं. तसं नाही, ते खोलत कमी अन् घासतात कमी.

वाडीच्या वर्कशॉपमध्ये जे मुख्य रंगारी आहेत त्यांना सगळे चाचा म्हणतात. साठीचे आहेत, मोमिनपुऱ्याचे, तीस वर्षं हेच काम. मी पहिल्यांदा गेलो तो नेमका मारबतीचा दिवस, अर्धी पोरं इतवारीत मिरवणूक पाहायला गेलेली, चाचा एकटेच बसले होते म्हणून दीड तास निवांत बोलणं झालं. मी विचारलं किती दिवस लागतील. तर म्हणे, "भाऊ, कलर तो दो दिन का काम है. घिसाई दस दिन की है. पैसा घिसाई का देते हो तुम." अन् लगेच दुसरं, की आत्ता पावसात नको, बूथ असला तरी हवेत ओल असते, क्लिअर धुरकट बसायची भीती असते, दिवाळीनंतर आणा.

तोपर्यंत मी एका ओळखीच्याकडून रंगाची जाडी मोजायचं मीटर आणलं. हे छोटंसं यंत्र आहे, पत्र्याला टेकवलं की मायक्रॉन सांगतं. बोनेटला टेकवलं, आकडाच नाही, नुसत्या रेघा. टपाला टेकवलं, तेच. मला वाटलं बिघडलं. मग डाव्या दाराला लावलं तर ४२० दाखवलं. उजव्या दाराला ११५. मी चाचांना फोन केला तर ते हसले, म्हणाले ते मीटर चुंबकाचं आहे, लोखंडावरच चालतं. तेव्हा मला कळलं की ह्या टीटीची बॉडी दोन धातूंची आहे, ६९ टक्के ॲल्युमिनियम अन् ३१ टक्के स्टील. बोनेट, टप, पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे, दारं, डिकी अन् मागचा तळ स्टीलचा. वजन पुढे-मागे नीट वाटावं म्हणून मागच्या बाजूला मुद्दाम स्टील ठेवलंय. ॲल्युमिनियमसाठी वेगळ्या पद्धतीचं, एडी करंटवालं मीटर लागतं, दोन्ही धातू मोजणारी मशीनं मिळतात. जुनी टीटी घ्यायला जाणाऱ्यांनी तेच घेऊन जा. अन् डाव्या दाराचे ४२० म्हणजे खाली पुट्टी भरलेली आहे, कधीतरी ते दार ठोकलेलं. विकणाऱ्याने मला नो ॲक्सिडेंट सांगितलं होतं, लिहूनही दिलं होतं. वाईट वाटलं मला त्या दिवशी, पैशापेक्षा त्या शब्दाचं जास्त वाटलं.

ॲल्युमिनियममुळे खर्च थोडा वाढतो हेही लक्षात घ्या. स्टील घासलेला पेपर अन् डिस्क ॲल्युमिनियमवर वापरायची नाही, लोखंडाचे कण त्यात रुततात अन् पुढे रंगाखाली गंजासारखे फोड येतात. उघडं ॲल्युमिनियम हवेत लगेच ऑक्साइड धरतं, म्हणून घासलं की वेळ न घालवता त्यावर इपॉक्सी प्रायमर. चाचांनी माझ्या गाडीसाठी पेपरचा वेगळा डबा ठेवला होता, त्यावर खडूने 'टीटी' लिहिलेलं. असं काही पाहिलं की माणसावर विश्वास बसतो.

स्वस्तात फक्त तीन पॅनल रंगवून मोकळं का नाही झालो, हे बाबांनी पण विचारलं. बाबांचं म्हणणं, "दारं तर चांगली हायेत नं, मंग त्याईले काऊन हात लावतं?" बरोबर होतं त्यांचं. पण पुढच्या दोन्ही फेंडरवर क्लिअर धुरकट व्हायला लागला होता, वर्षभरात तिथेही तेच होणार. शिवाय मिसानो रेड हा पर्ल रंग आहे, आत अभ्रकासारखे कण, समोरून वेगळा दिसतो अन् तिरपा वेगळा. चौदा वर्षं उन्हात राहिलेल्या दाराच्या बाजूला ताजा पर्ल लाल ठेवला तर सावलीत जुळेल अन् उन्हात फुटून दिसेल. अन् डाव्या दारातली पुट्टी पण काढायचीच होती. मग म्हटलं एकदाच करू. बाबांना पटलं नाही, पण ते दिवाळीनंतर दोनदा माझ्यासोबत वर्कशॉपला आले अन् खुर्ची टाकून बसले.

नोव्हेंबरमध्ये गाडी दिली. रंगाचा कोड डिकीत स्पेअर चाकाच्या खड्ड्यात स्टिकरवर असतो, माझा एलझेड३एम. पण कोड मिळाला म्हणजे रंग मिळाला असं नाही, एकाच कोडचे दोन-तीन व्हेरिअंट निघतात, म्हणून त्यांनी तीन पत्र्यांवर तीन नमुने मारले, क्लिअर लावून वाळवले, अन् दाराच्या आतल्या कडेला, जिथे ऊन कधी पोचलंच नाही, तिथे लावून बघितले. आधी बूथच्या ट्यूबलाइटखाली, मग बाहेर उन्हात, मग झाडाच्या सावलीत. मधला जुळला.

मी रोज ऑफिस सुटल्यावर जायचो. रंगाचं असं काही दिसायचंच नाही कित्येक दिवस, नुसती राखाडी गाडी अन् पाण्याची बादली. एक गोष्ट मात्र डोळ्यासमोरून जात नाही. प्रायमर वाळल्यावर चाचांनी त्यावर काळ्या रंगाचा अगदी हलका फवारा मारला, राख भुरभुरल्यासारखा. मला वाटलं हे काय आता. मग लाकडी ठोकळ्याला ८०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून पाणी टाकत घासायला बसले. उंच जागा घासली जाते, काळं निघून जातं. खोल जागेत काळं राहतं. डाव्या दारावर हँडलच्या खाली करंगळीएवढी काळी रेघ उरली, डोळ्याने तिथे काहीच दिसत नव्हतं, एकदम सपाट. चाचांनी तळहाताखाली पातळ फडकं धरलं, डोळे मिटले अन् दारावरून हात फिरवला, अन् त्या रेघेवर येऊन थांबले. माझा हात धरून तिथे फिरवला. मला काही लागलं नाही. "लगेगा, तीस साल बाद," म्हणाले अन् परत पुट्टीचा एक पातळ हात, परत घिसाई. त्या एका रेघेसाठी अर्धा दिवस गेला. क्लिअर मारल्यावर ती रेघ आरशातल्या लाटेसारखी दिसली असती म्हणे.

लाल रंग खालचा थर कमी झाकतो, म्हणून खाली राखाडी प्रायमर ठरावीक छटेचा घ्यावा लागतो, नाहीतर थरावर थर मारत बसा, अन् रंगाच्या खर्चात लाल तसाही महागच. गन आता चाचा मारत नाहीत, त्यांचा पुतण्या मारतो, तोंडावर हवेच्या नळीचा मास्क लावून. टू-के, म्हणजे दोन भाग मिसळून मारायच्या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासात गेलं की फुप्फुसं खराब होतात, दमा लागतो. चाचांनी वीस वर्षं तोंडाला रुमाल बांधून काम केलंय अन् त्यांचा खोकला दहा मिनिटं बाजूला बसलं की ऐकू येतो. कुठेही गाडी द्यायच्या आधी रंगाऱ्याच्या तोंडावर काय आहे ते बघा. जिथे मालक तीन हजारांचा मास्क घेऊन देत नाही तिथे तो तुमच्या गाडीलाही चांगला क्लिअर घेणार नाही, अन् नसला तो गाडीचा प्रश्न तरी माणसाचा आहे.

रंग दोन दिवसात झाला, अगदी चाचा म्हणाले होते तसंच. बूथ ६० डिग्रीला तापवून क्लिअर पक्का केला. तरी दुसऱ्या दिवशी टपावर बारीक खरबरीतपणा होता, ज्याला रंगारी ऑरेंज पील म्हणतात, संत्र्याची साल. आपल्या गावात ते काय असतं हे समजावून सांगायची गरज नाही. २००० नंबरचा पेपर, मग कंपाउंड, मग मऊ पॅड, दोन दिवस अजून. कंपनीच्या रंगावरही थोडी साल असतेच, म्हणून चाचांनी टप एकदम काच केला नाही, दाराशी जुळेल एवढाच केला. काच केला असता तर क्लिअर पातळ झाला असता, अन् परत तेच दुखणं.

एकूण १९ दिवस. ठरलेले १ लाख ४५ हजार. डाव्या दाराची जुनी पुट्टी पूर्ण काढून नवीन करायचे ९ हजार ५००. काचेचं रबर, क्लिपा अन् मागच्या चार रिंगांचा बॅज, कारण चौदा वर्षांचं रबर काढताना तुटतंच, १३ हजार २००. झाले १ लाख ६७ हजार ७००. रबराचे पैसे कोटेशनमध्ये कोणीच धरत नाही, तुम्ही धरा. साडेबारा लाखांच्या गाडीवर पावणेदोन लाखांचा रंग, असं ऑफिसात एकाने बोलून दाखवलं. विकताना हे पैसे परत येणार नाहीत, ते मला माहीत आहे. मला विकायची नाहीये.

आणायला गेलो तेव्हा बाबा सोबत होते. गाडी बाहेर उन्हात उभी केली होती. बाबांनी चष्मा वर केला, डाव्या दाराजवळ गेले, अन् चाचांसारखाच तळहात टेकवून हँडलच्या खालून हळू हात फिरवला, पार मागच्या चाकापर्यंत. काही बोलले नाहीत. मग चाचांना विचारलं, "चहा घेता का?"

आता पहिला महिना वॅक्स नाही, कव्हर नाही, पक्ष्याची घाण पडली की लगेच साध्या पाण्याने, अन् आमच्या बिल्डिंगचं बोअरचं पाणी तर अजिबात नाही, त्याचे पांढरे ठिपके क्लिअरवर बसतात, म्हणून मी नळाचं पाणी कॅनमध्ये भरून खाली नेतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवर शेडचा विषय टाकलाय, चार जण तयार आहेत, प्रत्येकी १८ हजार येईल. अन् वर्धा रोडच्या त्या पोराला परवा फोन केला होता. महिना झाला की फक्त पुढचं नाक अन् बोनेट, पीपीएफ, म्हणजे रंग जपणारी पारदर्शक फिल्म. तो ३५ हजार म्हणतोय, मी २८ म्हटलंय, बहुतेक तीसला होईल.